संशोधन झालंच नाही, की सापडलंच नाही?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य आपोआप हातातून उतरतं : ‘प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झाल्याचे आढळत नाही.’ मीही लिहिलंय. तुमच्यापैकी जे पेट देऊन आता विषय शोधताहेत, तेही लवकरच लिहितील. गाइड सही करतात, कागद पुढे सरकतो. पण ‘आढळत नाही’ म्हणजे कुणाला आढळत नाही आणि कुठे शोधल्यावर, हे सहसा कोणी विचारत नाही.

माझ्या एका मित्राला विचारलं गेलं. तो भूगोलवाला. दारव्हा तालुक्यातल्या भूजलावर त्याने आराखडा केला, महिनाभर गूगल केलं, काही मिळालं नाही म्हणून वरचं वाक्य ठोकून दिलं. समितीसमोर उभा राहिला तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, “अरे, याच तालुक्यावर एक प्रबंध झालाय की. पाहिला नाहीस?” प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात तर होताच, पण एका ऑनलाइन संग्रहातही होता, काही वर्षांपासून. कोणता संग्रह ते सोडून द्या. तालुक्याचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं होतं, सगळी प्रकरणं झेरॉक्ससारखी स्कॅन केलेली होती, आणि मित्राचे तीन महिने गेले.

त्याने शोधण्यात आळस केला असं मला सुरुवातीला वाटलं. नंतर त्या संग्रहाचं पान तांत्रिक अंगाने उघडून पाहिलं, तेव्हा मत बदललं. माझा स्वतःचा विषय मराठी मजकुराचा संगणकीय शोध आहे, त्यामुळे हे माझ्या दारातलंच प्रकरण. या लेखात मी आपल्या संशोधन-संग्रहांची, आणि मुख्यतः शोधगंगेची, याच बाजूने चिकित्सा करतोय : नोंद साठवणं त्यांनी चांगलं केलं, पण ती नोंद बाहेरच्या माणसाला सापडेल याची काळजी अर्धवट घेतली. आणि त्यातला थोडा दोष प्रबंध लिहिणाऱ्यांचा, म्हणजे आपलाही आहे.

बंद कपाटांचं ग्रंथालय

जुन्या पद्धतीच्या काही ग्रंथालयांत तुम्हाला कपाटांपर्यंत जाता येत नाही. खिडकीवर चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक येतं. डेटाबेसवर चालणारी वेबसाइट अशीच असते. तिची पानं आधीपासून लिहून ठेवलेली नसतात. तुम्ही फॉर्ममध्ये काही निवडता, आत क्वेरी जाते, टेबलमधून ओळी येतात आणि त्या क्षणी पान तयार होतं.

सर्च इंजिनचा क्रॉलर मात्र चिठ्ठी लिहिणारा प्राणी नाही. तो एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर चालत जातो. जिथे लिंक नाही, फक्त रिकामा चौकोन आणि ‘शोधा’ असं बटन आहे, तिथे तो थांबतो. आत पाच लाख नोंदी असोत नाहीतर पाच, त्याच्या लेखी ते एकच पान.

हा प्रश्न जुना आहे. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या श्रीराम राघवन आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी फॉर्म भरू शकणाऱ्या क्रॉलरचा आराखडा मांडला. त्याच वर्षी मायकेल बर्गमन यांनी या दडलेल्या भागाला ‘डीप वेब’ म्हटलं आणि तो दिसणाऱ्या वेबच्या ४०० ते ५५० पट असावा असा अंदाज दिला. (अंदाजच तो. पुढे लोकांनी तो मोजलेल्या आकड्यासारखा वापरला. हाही आपल्या क्षेत्रातला एक नेहमीचा आजार.) २००८ मध्ये जयंत माधवन, अलोन हॅलेव्ही आणि सहकाऱ्यांनी गूगल स्वतः फॉर्म कसे भरून पाहतं, यावर पेपर लिहिला. त्यातली एक अट नीट वाचा : फक्त ‘गेट’ पद्धतीचे फॉर्म. ‘पोस्ट’ पद्धतीचे सोडून दिलेले.

फरक सोपा आहे. ‘गेट’मध्ये तुमचा प्रश्न पत्त्यातच, म्हणजे यूआरएलमध्ये लिहिला जातो. ‘पोस्ट’मध्ये प्रश्न आतून जातो आणि निकालाच्या पानाचा पत्ता फॉर्मच्या पानासारखाच राहतो. म्हणजे त्या निकालाला स्वतःचा पत्ताच नाही. पत्ता नाही तर लिंक नाही, आणि लिंक नाही तर इंडेक्समध्ये जागा नाही. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी आणि विद्यापीठीय साइट जुन्या एएसपी डॉट नेट पद्धतीने बांधलेल्या असतात. तिथे ‘पुढील पान’ हे बटनसुद्धा लिंक नसून जावास्क्रिप्टची हाक असते. क्रॉलर पहिली वीस नावं वाचतो आणि घरी जातो.

तुम्हाला स्वतः तपासायचंय? एखादी नोंद उघडा, वरचा पत्ता कॉपी करा आणि दुसऱ्या मोबाइलवर पेस्ट करा. तीच नोंद उघडली तर ठीक. फॉर्म पुन्हा समोर आला, किंवा ‘सेशन संपले’ असं दिसलं, तर समजा, ती नोंद सर्च इंजिनसाठी अस्तित्वात नाही.

शोधगंगेचं काय चुकतं

आधी श्रेय देऊ. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीने पीएचडी जाहीर झाल्यावर ३० दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणं विद्यापीठांवर बंधनकारक केलं. ते प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने शोधगंगेत सर्वांसाठी खुले ठेवले. त्याआधी अमरावतीचा प्रबंध पाहायला अमरावतीलाच जावं लागे. बोरी अरबच्या पोराला घरी बसून कोणत्याही विद्यापीठाचा प्रबंध वाचता येतो, ही लहान गोष्ट नाही. शिवाय शोधगंगा डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. त्यामुळे प्रत्येक प्रबंधाला १०६०३ ने सुरू होणारा कायमचा हँडल क्रमांक मिळतो. वरची मोबाइलची परीक्षा शोधगंगा आरामात पास होते. प्रबंधाला पत्ता आहे.

घोळ पत्त्याच्या आत आहे. शोधगंगेत प्रबंध एका फाइलमध्ये नसतो. त्याचे तुकडे असतात : ०१_टायटल, मग प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, आणि शेवटी ती प्रसिद्ध ८०_रेकमेंडेशन. धिम्या नेटवर एकच प्रकरण उतरवायला हे सोयीचं, मान्य. पण गूगल स्कॉलरने वेबमास्टरांसाठी दिलेल्या सूचना वाचा. तिथे स्पष्ट लिहिलंय की एकाच लेखनाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या फाइलींत असतील तर ते आम्हाला इंडेक्स करता येत नाहीत. शीर्षक पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं, त्याखाली लेखकाचं नाव, मजकूर शोधता येण्याजोगा, आणि फाइल ५ एमबीच्या आत.

आता आपल्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या मोजपट्टीवर ठेवा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात काय आहे? ‘प्रकरण ३ : संशोधन पद्धती’. लेखकाचं नाव नाही. विद्यापीठ नाही. फाइलचं नाव अख्ख्या देशात हजारो जणांच्या फाइलीसारखंच. समजा साध्या गूगलने हे प्रकरण उचललं आणि तुम्ही त्यावर येऊन पोचलात, तरी हा कोणाचा प्रबंध, हे त्या पानावरून कळत नाही. मागे जायचा रस्ताही पीडीएफमध्ये नाही. एखादं पुस्तक फाडून प्रकरणं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावीत आणि मुखपृष्ठ तिसरीकडेच, असं हे झालं.

याला ‘लहान तांत्रिक बाब’ म्हणून सोडू नका. केनिंग आर्लिच आणि पॅट्रिक ओब्रायन यांनी २०१२ मध्ये ‘लायब्ररी हाय टेक’ या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं होतं : अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संग्रहसुद्धा गूगल स्कॉलरला फार कमी दिसत होते. एक मोठं कारण मेटाडेटाचं निघालं. ग्रंथपालांना प्रिय असलेली डब्लिन कोर पद्धत स्कॉलरला पुरेशी पडत नव्हती. युटामध्ये त्यांनी नोंदींच्या खुणा स्कॉलरला कळतील अशा करून घेतल्या आणि इंडेक्स होण्याचं प्रमाण बरंच वाढलं. मजकूर तोच, प्रबंध तेच, फक्त पाटी बदलली. म्हणजे दुरुस्ती होऊ शकते, आणि त्यासाठी नवा संग्रह बांधावा लागत नाही.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. साइटमॅप म्हणजे ‘माझ्याकडे ही ही पानं आहेत’ असं क्रॉलरला देण्याची यादी. गूगलने ती २००५ मध्ये आणली, पुढच्याच वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टने स्वीकारली. एका यादीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते बसतात. एका प्रबंधाच्या १२ फाइली धरल्या तर एक लाख प्रबंधांचे १२ लाख पत्ते होतात, म्हणजे २४ याद्या, आणि त्या रोज ताज्या ठेवायच्या. हे जमण्यासारखं आहे. पण त्याच वेळी डीस्पेससारखी व्यवस्था लेखकानुसार, वर्षानुसार, शीर्षकानुसार, उलट्या-सुलट्या क्रमाने त्याच नोंदींची अगणित पानं तयार करत असते. क्रॉलरकडे एका साइटसाठी वेळ मोजकाच. तो ‘अ ते ज्ञ’ आणि ‘ज्ञ ते अ’ या दोन्ही याद्या वाचत बसला, तर प्रबंधापर्यंत पोचायचा कधी? म्हणूनच २००९ मध्ये ‘कॅनॉनिकल’ ही खूण आली : या चार पत्त्यांवर एकच वस्तू आहे, त्यातला हा खरा, असं सांगण्यासाठी. ऑप्टिमायझेशन या भारदस्त शब्दाचा बराचसा अर्थ एवढाच, काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही हे ठरवणं.

मराठी असेल तर आणखी एक भिंत

इथपर्यंतचं सगळं इंग्रजी प्रबंधालाही लागू होतं. मराठी प्रबंधाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त वाईट.

शोधगंगेतला किंवा कुठलाही जुना मराठी प्रबंध उघडा, एक ओळ सिलेक्ट करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तीनपैकी एक होतं. ओळ सिलेक्टच होत नाही : ते चित्र आहे, स्कॅन. किंवा रोमन अक्षरं, टक्के, कंस असा कचरा येतो : तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आहे. डोळ्यांना देवनागरी दिसते, यंत्राला रोमन. तिसरं म्हणजे मराठी येतं, पण वेलांट्या सरकलेल्या आणि जोडाक्षरं तुटलेली : युनिकोडमध्ये टाइप केलं, पण पीडीएफ करताना फॉन्टची आतली सारणी बिघडली. या तिन्ही प्रकारांत गूगल तुमचा प्रबंध वाचतं असं म्हणणं धाडसाचं आहे. स्कॅनवर ओसीआर चालतं हे खरं, पण फिक्या झेरॉक्सवरच्या मराठी जोडाक्षरांवर भरवसा टाकून कोणी संदर्भ शोधू नये.

आणि सगळं शुद्ध युनिकोड असलं तरी? ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्या. यवतमाळ जिल्ह्यावरच्या सामाजिक संशोधनात तो पानोपानी येणार. यातला ‘ऱ्य’ दोन रीतींनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग य. दोन, साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. डेटाबेसच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशनसुद्धा या दोघांना एक करत नाही. ते काम साइट बांधणाऱ्यानेच करायचं असतं. ज्याने ते केलं नाही त्याच्या साइटवर एका कीबोर्डने लिहिलेले शेतकरी दुसऱ्या कीबोर्डने सापडत नाहीत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आपलाच कोड चुकला म्हणून दोन दिवस डोकं धरून बसलो होतो.

तुलनेला मराठी विश्वकोश पाहा. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेलं काम, पहिला खंड १९७६ चा. फॉन्टच्या युगाच्याही आधीचा मजकूर. आज त्याची प्रत्येक नोंद युनिकोडमध्ये, स्वतंत्र पानावर, स्वतंत्र पत्त्यावर आहे, आणि म्हणून मराठीत काही शोधलं की विश्वकोश वर येतो. जुन्या मजकुराचं हे होऊ शकतं, तर २०१५ च्या प्रबंधाचं का नाही? विश्वकोशाबद्दल एक तक्रार आहेच : त्याचा वेबपत्ता बदलत गेला. साइट हलवताना जुन्या प्रत्येक पत्त्यावर ‘इथून तिकडे गेलो’ अशी पाटी, म्हणजे रिडायरेक्ट, लावावी लागते. नाहीतर लोकांनी वर्षानुवर्षं दिलेले संदर्भ रस्त्यातच मरतात. प्रबंधात विश्वकोशाचा दुवा देत असाल तर खंड आणि नोंदीचं नावही लिहा.

गावाचं नाव काय टाकाल?

नावांचा घोळ मित्राच्या प्रकरणात निम्मा दोषी होता, म्हणून त्यावर थोडं. ‘बोरी’ नावाची गावं महाराष्ट्रात कितीतरी : जुन्नर तालुक्यात बोरी, परभणीच्या जिंतूर तालुक्यात बोरी. खानदेशात बोरी नदी, मध्य प्रदेशात बोरी अभयारण्य, आणि हिंदीत बोरी म्हणजे पोतं. आपल्या बोरीला ‘अरब’ जोडलंय ते ओळखू यावं म्हणून उपयोगी पडतं खरं, पण यंत्र दोन शब्द सुटे करून पाहू लागलं तर ‘अरब’ त्याला थेट आखाती देशांत नेतो. त्यात कोणी दोन शब्द लिहितो, कोणी जोडून, कोणी ‘अरब’ कंसात टाकतो. दारव्ह्याचं रोमन स्पेलिंग एचची जागा बदलून दोन तऱ्हांनी चालतं. यवतमाळ जुन्या इंग्रजी कागदांत ‘येवतमाळ’सारखं लिहिलेलं सापडतं, आणि १९०५ च्या आधीचं काही हवं असेल तर जिल्ह्याचं नावच वेगळं : वणी, तेही इंग्रजीत ‘वुन’. फक्त आजचं स्पेलिंग टाकून इतिहास शोधणाऱ्याला १९०५ ची भिंत लागते आणि ती लागली हेही त्याला कळत नाही.

यावर पक्का उपाय नावाचा नसून क्रमांकाचा आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. गाव-पातळीवर काम करणाऱ्यांनी तो प्रबंधात आणि कीवर्डमध्ये लिहिला, तर स्पेलिंग काहीही असो, गाव एकच राहील. मेटाडेटाच्या फॉर्ममध्ये त्यासाठी जागा द्यायला फारसा खर्च नाही.

सगळंच उघडं करायचं का?

नाही. सातबाऱ्याची साइट घ्या. विभाग अमरावती, मग जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, मोबाइल नंबर, कॅप्चा. क्रॉलरसाठी ही सगळ्यात पक्की भिंत, आणि ती तशीच असावी. कोणाच्या नावावर किती जमीन, कोणाचा बोजा, हे माणसाचं नाव गूगलमध्ये टाकल्यावर समोर येऊ नये. काम असणाऱ्याने खिडकीवर जाऊन चिठ्ठी द्यावी.

बाजारभावासारख्या आकड्यांचं उत्तर वेगळं. १०० शेतमाल, ३०० बाजार, ३६५ दिवस धरा : एका वर्षाची १ कोटी ९ लाख ५० हजार पानं. एवढी पानं इंडेक्समध्ये ढकलण्यात अर्थ नाही. बाजारागणिक एक पान आणि सगळे आकडे उतरवता येतील अशी एक फाइल दिली की पुरे.

चीड येते ती उलट्या कारभाराची. प्रबंध बंद कपाटात, आणि विद्यार्थ्यांची नावं, प्रवर्ग, मोबाइल नंबर असलेल्या प्रवेशयाद्या साध्या पीडीएफमध्ये उघड्यावर, कुठल्याही शोधात सापडतील अशा. त्यावर ‘रोबॉट्स फाइलमध्ये मनाई लिहू’ हे उत्तर मी ऐकलंय. ती फाइल म्हणजे १९९४ पासून चालत आलेली विनंती आहे, कुलूप नव्हे. उलट ती कोणालाही वाचता येते. आणि क्रॉलरला पान वाचायलाच मनाई केली, तर त्या पानावर लिहिलेली ‘इंडेक्स करू नका’ ही सूचना त्याला दिसत नाही. दुसरीकडून लिंक असेल तर पत्ता तरीही निकालात येऊ शकतो.

तुमच्या हातात काय आहे

शोधताना गूगलवर थांबू नका. शोधगंगेच्या आतल्या शोधात जा, आराखड्यांसाठी शोधगंगोत्रीत जा. नाव रोमन आणि देवनागरी दोन्हींत, जुन्या-नव्या स्पेलिंगांनी टाका. मग तारीख, संग्रह आणि वापरलेले शब्द वहीत लिहून ठेवा. वैद्यकातल्या पद्धतशीर आढाव्यांसाठी प्रिझ्मा नावाचे निकष आहेत, त्यात हे सगळं अहवालात द्यावंच लागतं. आपल्यावर सक्ती नाही, तरी ‘संशोधन झाल्याचे आढळत नाही’ याऐवजी ‘अमुक संग्रहांत, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोधता आढळले नाही’ असं लिहा. समितीसमोर हे वाक्य टिकतं.

लिहिताना मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. पीडीएफ वर्डमधून थेट काढा, छापून स्कॅन करू नका. सह्यांची प्रमाणपत्रं तेवढी स्कॅन करा. प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर प्रबंधाचं पूर्ण शीर्षक, तुमचं नाव आणि विद्यापीठ टाका, म्हणजे तुकडा कुठेही सापडला तरी घर सांगेल. शीर्षकात नुसतं गाव नको, तालुका आणि जिल्हा हवा. ग्रंथालयात मेटाडेटाचा फॉर्म कोणी दुसरा भरत असेल तर शेजारी उभे राहून कीवर्ड दोन्ही लिपींत भरून घ्या. आणि जमा करण्याआधी ती नोटपॅडची परीक्षा, प्रत्येक फाइलवर.

मित्राचा आराखडा अखेर मंजूर झाला. विषय तोच राहिला, फक्त आता तो तुलनेचा झाला : जुन्या प्रबंधातल्या विहिरींची पातळी तेव्हा किती आणि त्याच विहिरींची आज किती. ते जुने तक्ते स्कॅनमध्ये असल्यामुळे सध्या तो आकडे बघून बघून एक्सेलमध्ये भरतोय. परवा फोन केला तेव्हा म्हणाला, “एका रकान्यात तीन आहे की आठ, काही कळत नाही राव.” कपाटातली छापील प्रत पाहायला तो सोमवारी जाणार आहे.